धुरक्यांना आई नसते

मंगळवार, ९ सप्टेंबर

युद्ध सुरू होऊन आठवडा झाला आणि माझी कादंबरी एक ओळ पुढे सरकलेली नाही. पाचव्या, म्हणजे शेवटच्या भागात फौजा शुभ्रखिंडीच्या तोंडाशी येऊन उभ्या आहेत. गेला आठवडाभर त्या तशाच उभ्या आहेत, कारण त्यांचा कर्ता दिवसभर बातम्या बघत बसतो.

बायकोच्या पाळ्या वाढल्यात. शस्त्रक्रिया विभागाची ती मुख्य परिचारिका. हॉस्पिटलचा दुसरा मजला आता सैन्याने घेतलाय. घरी येते तेव्हा तिच्या अंगाला औषधांचा वास असतो आणि ती चपलांसकट पलंगावर आडवी होते.  मी चपला काढून ठेवतो.

दुपारी प्रकाशकबाईंचा फोन. ‘‘लेखक, बसलेले आहात ना? उभे असाल तर बसा. चारही भागांची नवी आवृत्ती छापायला टाकली.’’

‘‘युद्धात लोक कादंबऱ्या वाचतात?’’

‘‘युद्धातच वाचतात. एरवी वेळ कुठे असतो त्यांना!’’

आजच्या पेपरात माझ्या या पाच भागांच्या गाथेवर अर्धं पान लेख आहे. लिहिणाऱ्याने सारांश बरा दिलाय: शिखरराज्यावर धुरके चालून येतात, धुरके म्हणजे जळत्या डोंगराच्या धुरातून जन्मलेली जमात, त्यांना घर नाही, आई नाही, दया माहीत नाही. पुढे त्याने माझी खिंड आणि आत्ता जिथे लढाई चाललीय ती खिंड, माझा पूल आणि तिथला पूल, असे शेजारी शेजारी मांडलेत. मथळा: ‘कादंबरीकाराने हे युद्ध आधीच पाहिलं होतं का?’

नव्हतं पाहिलं. पण लेख कापून ठेवला.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

टीव्हीवर मुलाखत. तोंडाला इतकी पावडर फासली की शिंक येईल या भीतीने पहिली पाच मिनिटं श्वास धरून बसलो होतो.

मुलाखत घेणारीने सरळच विचारलं, ‘‘तुमचे धुरके म्हणजे सीमेपलीकडचेच ना?’’

मी म्हटलं, ‘‘धुरके म्हणजे धुरके. अद्भुत कादंबरी हा काही जगाचा आरसा नव्हे. तिचे डोंगर वेगळे, तिचा चंद्र वेगळा. त्यात कुणी आपला शेजारी शोधू नये.’’

‘‘आणि खिंड? पूल?’’

‘‘खिंडी आणि पूल सगळ्याच देशांत असतात.’’

टाळ्या पडल्या. मला माझं बोलणं आवडलं. घरी येताना दोनदा मनात घोळवलं.

संध्याकाळी आईचा फोन. ‘‘दिसत छान होतास. पावडर जरा जास्त झाली. पण हे सगळं कुठून आलंच नाही असं का म्हणालास?’’

‘‘कुठून आलंय मग?’’

‘‘अरे, तुझे बाबा मागच्या लढाईवरून आले तेव्हा त्या लोकांना कोळशे म्हणायचे. कोळशांनी असं केलं, कोळशांनी तसं केलं. जेवताना तेवढंच चालायचं. तू आ वासून ऐकायचास, तोंडातला घास गिळायचं विसरायचास.’’

मला अजिबात आठवत नाही. आईला कशातून काहीही दिसतं. एकदा तिला माझ्या राजपुरोहितात आमचा दातांचा डॉक्टर दिसला होता.

गुरुवार, १८ सप्टेंबर

वॉर्डातली मुलं शत्रूला धुरके म्हणतात!

बायकोने चहा पिता पिता सांगितलं. वीसेक वर्षांचा एक मुलगा ड्रेसिंग चालू असताना तिला म्हणाला, ‘‘सिस्टर, परवा आमच्या तुकडीने तीन धुरके टिपले.’’

‘‘मग तू काय म्हणालीस?’’

‘‘म्हटलं, हलू नकोस.’’

आता खरं लिहायचं तर माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. आपण बनवलेला शब्द अनोळखी माणसाच्या तोंडात जाऊन बसावा, यापरतं लिहिणाऱ्याला काय हवं? पण हे तिला दाखवलं नाही. फक्त विचारलं, ‘‘तू माझी बायको आहेस, हे त्याला माहीत होतं का?’’

तिने कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. ‘‘नाही,’’ म्हणाली. ‘‘आणि मी सांगणारही नाही.’’

दमलीय बिचारी.

शनिवार, २७ सप्टेंबर

प्रकाशकबाई स्वतः घरी आल्या. सोबत एक टी-शर्ट. छातीवर तिसऱ्या भागातलं वाक्य छापलंय: ‘धुरक्याचा वर गेलेला हात म्हणजे उपसलेली तलवार.’

हे वाक्य वाचकांना पाठ आहे. त्या प्रसंगात धुरके हात वर करून शरण येतात, दयाळू सेनापती विश्वास ठेवतो, आणि त्याची सगळी तुकडी कापली जाते. मरता मरता सेनापती हे वाक्य बोलतो. लिहिलं तेव्हा मी स्वतःच रडलो होतो.

‘‘सैन्याच्या प्रचार खात्याने ठाण्याठाण्यांवर पाठवायला प्रती घेतल्यात,’’ बाई म्हणाल्या. ‘‘आता पाचवा भाग पुढच्या महिनाअखेर द्या. आणि एक सांगते, शेवटी एकही धुरक्या उरता कामा नये. वाचक चार भाग त्याच दिवसाची वाट बघतोय.’’

‘‘माझ्याही मनात तेच होतं.’’

‘‘म्हणून तर तुम्ही मला आवडता.’’

टी-शर्ट मापाला बरोबर बसला. बायको यायच्या आत कपाटात ठेवून दिला.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोने मला कधी हॉस्पिटलमध्ये बोलावलं नव्हतं. काल म्हणाली, ‘‘एकाला पुस्तक वाचून दाखवायला माणूस हवाय. डोळे गेलेत. येशील?’’

त्याला सगळे सुतार म्हणतात. सैन्यात जायच्या आधी तो तेच काम करायचा. वय सव्वीस-सत्तावीस. डोळ्यांवर पट्टी, हात मात्र सारखे चालू: पलंगाच्या कडेवरून, टेबलाच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत असतो. मी बसायच्या आधीच म्हणाला, ‘‘सर, जपून. त्या खुर्चीचा मागचा पाय सुटलाय. आवाजावरून कळतं.’’

मी पहिल्या भागापासून सुरुवात करणार होतो. तो म्हणाला, ‘‘तिसरा आणलाय? मग शरणागतीचं वाचा.’’

वाचलं. मी वाचतो बरा. शेजारच्या पलंगांवरचेही ऐकत होते, एकाने तर ‘ते’ वाक्य माझ्याबरोबर मोठ्याने म्हटलं.  मी थांबल्यावर सुताराने विचारलं, ‘‘सर, हे तुम्ही कुठून घेतलं?’’

‘‘कुठून म्हणजे?’’

‘‘म्हणजे असं कुठे झालं होतं का? हात वर करून आले आणि मग दगा दिला, असं? एखाद्या जुन्या लढाईत? कुणी तुम्हाला सांगितलं असेल.’’

‘‘छे हो, सगळं कल्पनेतलं.’’

‘‘सगळं?’’

‘‘अक्षर न् अक्षर.’’

 तो चादरीची कड बोटांनी दुमडत राहिला. जरा वेळाने म्हणाला, ‘‘म्हणजे कुठेच नाही झालेलं,’’ आणि झोपतो म्हणाला.

बिचाऱ्याचा हिरमोड झाला असावा. वाचकांना वाटत असतं की लेखकाच्या हाती एखादी गुप्त बखर लागलेली असते. पण खरं झालं असेल असं वाटण्याइतकं ते जिवंत वाटलं, हेही काही कमी नाही.

सोमवार, ६ ऑक्टोबर

दुसऱ्या मजल्यावर शेवटच्या खोलीत एक कैदी ठेवलाय. पलीकडचा. दारावर शिपाई बसवलाय. पुलापाशी सापडला. बायकोनेच त्याची जबाबदारी घेतली, कारण बाकीच्या मुली आत जायला तयार नव्हत्या. युद्धाच्या आधी तो ट्रकवर होता, आपल्या बाजूला माल घेऊन यायचा, त्यामुळे आपली भाषा मोडकीतोडकी बोलतो.

सकाळी उकडलेलं अंडं सोलता सोलता ती म्हणाली, ‘‘एक गोळी खांद्यात लागलीय. दुसरी तळहातातून आरपार गेलीय. पुढून मागे.’’

‘‘अरेरे.’’

‘‘अरे, पुढून मागे. तळव्यातून आत शिरली आणि पंजाच्या पाठीकडून बाहेर आली. हात कसा धरल्यावर अशी लागेल?’’ आणि तिने हात वर केला, पंजा माझ्या दिशेने, बोटं पसरलेली. तशीच थांबली.

‘‘टरफल चिकटलंय,’’ मी म्हटलं.

तिने हात खाली घेतला, पुसला, आणि अंडं न खाताच निघून गेली. तिला रजेची गरज आहे. तिच्या वरिष्ठांशी बोलावं का?

आज चार पानं झाली. माझ्या नायकाने, ध्वजधराने, धुरक्यांना खिंडीत कोंडलंय. बरेच दिवसांनी हात चालला.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

संताप, संताप. आधी हे लिहून टाकतो, नाहीतर जेवण जाणार नाही.

त्या कैद्याने गाथा वाचलीय. त्यांच्या भाषेत तिचं चोरटं भाषांतर आहे म्हणे, गेली काही वर्षं तिकडे घरोघरी वाचतात. मला कुणी विचारलं नाही की सांगितलं नाही, पण ते जाऊ द्या. त्याला कुठून तरी कळलं की सिस्टरचा नवरा तो लेखक. त्यावर तो तिला म्हणाला, ‘‘त्यांना सांगा, आमच्या गावात सगळ्यांना आवडतं. आम्ही तुमच्या सैनिकांना धुरके म्हणतो.’’

‘‘कुणाला?’’ मी ओरडलो.

‘‘आपल्याला.’’

‘‘धुरके आपण?’’

‘‘डोंगराच्या त्या बाजूने बघितलं तर धूर आपल्याकडूनच येतो ना.’’

‘‘अगं, पण हे चूक आहे! पुस्तकात स्पष्ट लिहिलंय! भाषांतरकाराने वाट लावली असणार...’’

तेव्हा ती हसायला लागली. कित्येक दिवसांनी हसताना बघितली. टेबलाला धरून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि मग ते पाणी थांबेना. मी पाण्याचा ग्लास घेऊन उभा. कळेना, हसतेय की रडतेय.

शांत झाल्यावर म्हणाली, ‘‘उद्या सुताराकडे जा. तो वाट बघतोय तुझी.’’

बुधवार, १५ ऑक्टोबर

गेलो होतो. पुस्तक नेलं होतं. उघडलं नाही.

सुतार म्हणाला, ‘‘सर, आज तुम्ही ऐका. सिस्टरना मी सांगितलंय. आमच्या साहेबांनाही सांगितलं, ते म्हणाले, विश्रांती घे.’’

त्याने सांगितलं ते जसंच्या तसं लिहायचा प्रयत्न करतो.

पुलाच्या पलीकडे एक जकातीची खोली होती. सकाळ होती. खोलीतून चौघं बाहेर आले, हात वर करून. शस्त्रं त्यांनी आधीच खिडकीतून बाहेर टाकली होती. इकडे सुताराच्या तुकडीतले सहाजण. कुणाला काय करावं कळेना. पकडायचे कसे, ठेवायचे कुठे, सगळेच नवे. तेव्हा या सहांतल्या एकाने ते वाक्य म्हटलं. माझं. ‘‘ओरडून नाही सर, हळूच. थोडं गमतीत म्हटल्यासारखं. दोघंजण हसलेही. आणि मग कुणीतरी पहिली गोळी झाडली.’’

‘‘तुम्ही?’’

‘‘पहिली नाही.’’ पलंगाच्या कडेवरून अंगठा फिरवला. ‘‘पण झाडली.’’

चौघंही पडले. एकजण लगेच गेला नाही. काहीतरी म्हणत होता, तोच तोच शब्द. ‘‘आपल्यासारखा ‘आई’ नव्हता सर. वेगळाच काहीतरी होता. पण तेच म्हणत होता. कळतं ते.’’ थोड्या वेळाने त्यांच्या बाजूने तोफेचा गोळा आला आणि सुताराचे डोळे गेले.

मग तो म्हणाला, ‘‘तुमच्या पुस्तकात धुरक्यांना आई नसते.’’

तक्रारीचा सूर नव्हता. टेबलाचा एक पाय आखूड आहे, असं सांगावं तसं सांगितलं.

मी काय म्हणालो, तेही लिहितो. मी म्हणालो, ‘‘पुस्तक वाचून कुणी गोळी झाडत नसतं.’’

‘‘बरोबर आहे सर,’’ तो म्हणाला. ‘‘झाडली आम्हीच.’’

मंगळवार, २१ ऑक्टोबर

चार दिवस घरात अबोला. आज दुपारी फुटला.

मी सगळे मुद्दे मांडले. वाक्य एका पात्राचं आहे, माझं नाही. कथेत तो दगा खरा असतो, कथेच्या जगात ते वाक्य बरोबरच आहे. लाखो लोकांनी वाचलं, त्यांनी कुणाला मारलं नाही. हे वाक्य नसतं तर दुसरं कुठलं तरी सापडलं असतं. बाबांच्या वेळी कुठे माझं पुस्तक होतं?

बायको ओले कपडे झटकत होती. ‘‘मी कुठे काय म्हटलं?’’

‘‘तुला वाटतं तसं.’’

‘‘मला काय वाटतं ते मलाच कळत नाहीये रे. एका खोलीत एकाचं ड्रेसिंग करते आणि तेच हात धुऊन दुसऱ्या खोलीत दुसऱ्याचं.’’ मग म्हणाली, ‘‘एकच सांग. ते वाक्य लिहिताना तुला मजा आली होती का?’’

मी खूप वेळ विचार केला असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. पण विचार करावाच लागला नाही.

‘‘हो.’’

तिने मान हलवली. टॉवेल दोरीवर टाकून चिमटा लावायला हात वर केला, आणि पंजा माझ्याकडे वळला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ते अंडं. पुढून मागे. पुलापाशी सापडला. चौघं पडले होते, पण मेले तिघंच.

‘‘तो त्यांच्यातला आहे,’’ मी म्हटलं.

‘‘आज कळलं तुला?’’ ती म्हणाली. ओरडली असती तर सोसलं असतं. तिने फार हळू विचारलं.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

प्रकाशकबाईंना शेवटची प्रकरणं पाठवली होती. नव्याने लिहिलेली. खिंडीत कोंडलेले धुरके हात वर करतात, ध्वजधर त्यांच्यावर विश्वास ठेवतो, आणि पुढे काहीच होत नाही. धुरके खाली बसतात. एकजण पाणी मागतो. त्याला पाणी देतात.

आज बाईंचा फोन आला. म्हणाल्या, ‘‘लेखक, वाचकाने चार भाग वाट बघितली ती कुणीतरी कुणाला पाणी पाजावं म्हणून?’’

‘‘मला दुसरं काही लिहिता येत नाहीये.’’

‘‘मला कळत नाही असं समजू नका. माझा भाचा तिकडेच आहे. पण लोक आज घाबरलेत, त्यांना जिंकल्यासारखं वाटायला हवंय. तेही एक औषधच आहे. तुम्ही नाही दिलंत तर मला दुसऱ्याकडून लिहून घ्यावं लागेल. करारात तसं आहे. सही तुमचीच आहे.’’

‘‘घ्या लिहून. माझं नाव घालू नका.’’

‘‘नीट विचार करा.’’

‘‘केलाय.’’

नव्हता केला. फोन ठेवल्यावर लक्षात आलं. आता माझा ध्वजधर, मी चौदा वर्षं सांभाळलेला, कुणा उपऱ्याच्या हाती जाणार, आणि तो उपरा त्याच्या तोंडी ‘अरे वीरांनो’ असलं काहीतरी घालणार. खोटं कशाला सांगू, आजचा सगळा दिवस मला त्या तिघांपेक्षा ध्वजधराचं जास्त वाईट वाटत होतं.

आणि ते माझं पाणी पाजण्याचं प्रकरण पुन्हा वाचलं. वाईट आहे. लिहिणाऱ्याला स्वतःबद्दल बरं वाटावं म्हणून लिहिल्यासारखं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

सुताराला लेखी जबाब द्यायचाय. तोंडी सांगितलेलं हवेत जातं, म्हणाला. त्याला दिसत नाही, म्हणून मी लिहून घ्यायचं.

‘‘त्याआधी त्या माणसाला एकदा भेटता येईल का?’’ त्याने बायकोला विचारलं. ती शेवटच्या खोलीत जाऊन आली.

‘‘नको म्हणतो.’’

‘‘काय म्हणाला? जसं म्हणाला तसं सांगा, सिस्टर.’’

बायकोने माझ्याकडे बघितलं आणि सांगून टाकलं. ‘‘म्हणाला, त्याला मी दिसणार नाही, आणि मला तो बघायचा नाही. मग भेटून काय करायचं?’’

सुतार म्हणाला, ‘‘ठीक आहे.’’ मग माझ्याकडे वळून, ‘‘लिहा सर.’’

मी लिहायला लागलो. पहिली ओळ वाचून दाखवली: ‘पहाटेच्या धूसर प्रकाशात आम्ही पुलापाशी पोहोचलो.’

‘‘पहाट नव्हती. नऊ वाजून गेले होते. लख्ख ऊन होतं.’’

खोडलं. पुढे ‘शत्रूचे चार सैनिक’ लिहिलं. तो म्हणाला, ‘‘चार माणसं लिहा. एकाच्या अंगात स्वेटर होता, घरी विणलेला. एकाच्या पायात बूट नव्हते. नुसते मोजे.’’ ‘भीतीने थरथरत’ लिहिलं. ‘‘थरथरत नव्हते. उन्हाने डोळे बारीक केले होते, तेवढंच.’’

असं संध्याकाळपर्यंत चाललं. इतकी वर्षं लिहितोय, पण आज एक पान भरता भरता माझी मान मोडून गेली. वाक्यापाशी आलो तेव्हा मी लिहिलं, ‘एकाने एका पुस्तकातलं वाक्य म्हटलं.’ वाचून दाखवलं. सुतार पुढे काय लिहायचं ते सांगेना. मी ‘एका पुस्तकातलं’ खोडलं आणि पुस्तकाचं नाव लिहिलं. वाक्य पूर्ण लिहिलं. मग त्याने पुढे सांगायला सुरुवात केली.

सहीच्या वेळी त्याचा हात धरून कागदावर नेला. त्याची सही उतरत उतरत माझ्या शेवटच्या दोन ओळींवरून गेली.

सोमवार, १० नोव्हेंबर

सुताराला भेटायला त्याच्या तुकडीतली मुलं यायची, ती आता येत नाहीत. एकाने येऊन नुसतं सांगितलं की आमच्या घरी पत्ता विचारत येऊ नकोस. बहीण त्याला न्यायला आलीय. जबाबामुळे याला काही होईल का, असं तिने मला तीनदा विचारलं. मी प्रत्येक वेळी माहीत नाही म्हणालो. खरंच माहीत नाही.

सकाळी चौकशी अधिकाऱ्याकडे गेलो होतो. सभ्य माणूस. पान दोनदा वाचलं, पुस्तकाच्या नावापाशी थांबून माझ्याकडे बघितलं. म्हणाला, ‘‘मृतांची नावं नाहीत. तीन अनोळखी इसम असं लिहून हे पुढे पाठवलं तर तसंच राहील. कुणाला कुणीच मारलं नाही, असंच ते होतं.’’

‘‘नावं मिळाली तर?’’

‘‘तर निदान फाईल बंद करणाऱ्याला ती वाचावी लागतील.’’

कैद्याला उद्या पलीकडे सोडणार आहेत, अदलाबदलीत. म्हणजे आजचाच दिवस. बायकोने शिपायाशी बोलून ठेवलं आणि मला त्या खोलीत नेलं.

मी बनवलेल्या माणसांत तो कुठे बसला असता, असा विचार इतके दिवस करत होतो. कुठेच बसत नाही. गोल चेहरा, थोडं टक्कल, ट्रकवाल्यांचा असतो तसा एकच दंड उन्हाने काळवंडलेला. उजवा हात बँडेजमध्ये, मांडीवर ठेवलेला.

‘‘लेखक,’’ तो म्हणाला.

‘‘हो.’’

‘‘शेवटच्या भागात काय होतं?’’

‘‘मी लिहिलाच नाही. दुसरं कुणीतरी लिहिणार आहे.’’

‘‘आमच्याकडे पण एकाने लिहिला,’’ तो म्हणाला. ‘‘तुमच्यासाठी कोण थांबणार? त्यात तुम्ही सगळे मरता.’’ हे सांगताना त्याला गंमत वाटली की नाही, कळलं नाही.

मग मी मागितली. तिघांची नावं. तो बराच वेळ खिडकीकडे बघत होता. खाली अंगणात कुणीतरी सिलिंडर ओढत नेत होतं, तो आवाज संपेपर्यंत.

‘‘पुस्तकात घालणार?’’

‘‘नाही. जबाबात. सैन्याच्या कागदात.’’

‘‘त्याने काय होणार?’’

‘‘कदाचित काहीच नाही.’’

कसं कोण जाणे, या उत्तराने तो माझ्याकडे वळला. सावकाश एकेक नाव सांगितलं. स्वेटरवाला त्याचा मेहुणा होता. स्वेटर त्याच्या बहिणीने विणला होता. मोजेवाला सगळ्यांत लहान. तिसऱ्याचं तो नुसतं नाव म्हणाला.

ती नावं मी इथे लिहीत नाही. ही माझी वही आहे. नावं त्यांच्या कागदावरच बरी.

मोजेवाल्याच्या नावात एक आवाज आहे, घशातून येणारा, आपल्या अक्षरांत तो नाहीच. मी लिहिलं आणि वाचून दाखवलं. तो नाही म्हणाला. दुसरं अक्षर घालून पुन्हा वाचलं. ‘‘हे दुसऱ्याच कुणाचं तरी नाव झालं.’’ बायको माझ्यामागे उभी होती, तिनेही म्हणून बघितलं, तिलाही जमेना. मग त्याने बँडेजमधून बाहेर आलेली दोन बोटं स्वतःच्या गळ्यावर ठेवली आणि ते नाव पुन्हा म्हटलं, आवाज कुठून निघतो ते आम्हाला दिसावं म्हणून. आम्ही दोघांनी आपापल्या गळ्यावर बोटं ठेवली. म्हटलं. पुन्हा म्हटलं.

‘‘जवळ आलात,’’ तो म्हणाला. ‘‘अजून एकदा.’’